कॉलरच्या खाली माणूस असतो

आपल्याकडं कुठल्याही ऑफिसात जा, सातारा असू दे नाहीतर सांगली, बँक असू दे, कारखाना असू दे, शाळेचा हॉल असू दे, भिंतीवर वरच्या अंगाला एक ओळ असतेच. वाळलेले हार, काचेवर चमकणारी ट्यूबलाइट आणि आत एकेक चेहरा. चेहराच फक्त. मानेपर्यंत कसाबसा माणूस, मग कोटाची नाहीतर नेहरू शर्टाची कॉलर, आणि तिथं फ्रेम संपते. सगळे समोर बघतायत, सगळ्यांचे खांदे एका लेव्हलला, सगळ्यांच्या गालावर तोच गुलाबी रंग. खाली नाव लिहिलं नसतं तर संस्थापक कोण आणि देणगीदार कोण हे त्यांच्या नातवालाही सांगता आलं नसतं.

मी पोर्ट्रेट करतो, तोच धंदा आहे, आणि माझं म्हणणं असंय की ही चित्रं वाईट रंगवलीत म्हणून मेलेली नाहीत. रंगवणाऱ्या बऱ्याच जणांचा हात चांगला आहे. ती मेलेली आहेत कारण आपण चित्रकाराला माणसाचं अंगच देत नाही. देतो एक पासपोर्ट फोटो आणि मागतो काय, तर भाव. भाव म्हणजे काय कोथिंबीर आहे का, सगळं शिजलं की वरून भुरभुरायला. तो अंगातून येतो, पोटातून, खांद्यातून, मानेतून, हाताच्या बोटातून, आणि मग चेहऱ्यावर पोचतो, कधी कधी पोचतही नाही, कारण चेहरा हा माणसाच्या अंगाचा सगळ्यात तयार झालेला आणि सगळ्यात सहज खोटं बोलणारा भाग आहे. कॅमेरा दिसला की चेहरा लगेच सावरतो. पाठ सावरत नाही. आणि हे सगळं जर लोकांच्या पैशातून होणार असेल, वर्गणीतून, नगरपालिकेच्या फंडातून, सभासदांच्या नफ्यातून, तर मग हा प्रश्न चित्रकाराच्या आवडीनिवडीचा राहत नाही, तुमचाही होतो.

समोर माणूस बसला की मी पहिल्यांदा त्याचे डोळे बघत नाही. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, त्यांना वाटतं डोळ्यातच सगळं असतं. मी बघतो वजन कुठं पडलंय. खुर्चीवर बसलेला माणूस दोन्ही कुल्ल्यांवर सारखं वजन टाकून कधीच बसत नाही, एकीकडं कलतो, मग पाठीचा कणा तो कल सावरायला उलटीकडं वळतो, मग खांदे तिरके होतात, मग मान परत सरळ व्हायला बघते. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसाच ओळंबा आम्ही पण वापरतो, हनुवटीच्या मधून सोडलेली दोरी कुठं पडते ते बघायचं. उभ्या माणसाच्या गळ्यातल्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो ज्या पायावर वजन आहे त्याच्या घोट्याकडं जातो, आणि तो जर दोन पायांच्या बरोबर मधे पडला तर समजायचं की हा माणूस उभा नाही, उभा केलाय. ऑफिसातली सगळी पोर्ट्रेटं अशी उभी केलेली असतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एकदा नुसते हमाल बघत बसा. पोतं वाहून वाहून मानेच्या मागं, खांद्याच्या वर मांसाचा एक घट्टा तयार झालेला असतो, एका बाजूला जास्त, कारण प्रत्येकाचा एक खांदा ठरलेला असतो. पोतं उतरल्यावर पण तो खांदा खाली येत नाही. दुपारी चहा पिताना, हसताना, भांडताना तो खांदा तसाच थोडा वर आणि पुढं. आता हा माणूस तुम्ही चेहऱ्यापुरता रंगवला तर काय मिळेल, एक मिशीवाला रापलेला माणूस, बास. आणि खांद्यासकट रंगवला तर बघणाऱ्याला कळतं की ह्याचं आयुष्य कशाखाली गेलंय, आणि तरी हा हसतोय, आणि ते हसणं मग वेगळं दिसायला लागतं. ऊसतोडीच्या बायकांच्या मानेचं तसंच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई मान इतकी ताठ ठेवते की एखाद्या राजघराण्यातल्या बाईची पण तशी नसेल, पण तो ताठपणा गर्वाचा नाही, मान हलली तर मोळी पडेल म्हणून आहे. हे ज्याला दिसलं नाही त्यानं त्या बाईच्या डोळ्यात कितीही करुणा रंगवली तरी ती त्याची स्वतःची करुणा असते, बाईची नाही.

हे काही मी परदेशातनं शिकून आलेलं सांगत नाहीये. नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव आठ सांगितलेत, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यादी जरा नीट बघा. जागच्या जागी थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, डोळ्यात पाणी, शुद्ध जाणं. सगळं अंगाचं आहे. त्यात कुठंही 'चेहऱ्यावर प्रसन्न भाव' नाही. चित्रकलेची जी सहा अंगं आपल्याकडं सांगतात, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग, त्यात भाव तिसरा आहे आणि सादृश्य, म्हणजे हुबेहूब दिसणं, पाचवं. आर्ट कॉलेजातली पोरं ही यादी परीक्षेला पाठ करतात आणि पास झाली की विसरतात, कारण बाहेर आल्यावर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो पाचव्याचाच, दिसतंय का तसं?

आणि सांगलीला तरी हे सांगायला लागू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं सीता स्वयंवर उभं केलं, ज्या गावाला आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो, तिथल्या लोकांना अंग बोलतं हे माहीत नाही होय? बालगंधर्व ह्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांच्या काळात बायका त्यांचं बघून नेसायला शिकल्या असं म्हणतात, आता तो चमत्कार चेहऱ्याचा होता का? चेहरा तर पुरुषाचाच होता. ते सगळं होतं उभं राहण्यात, पदर सावरण्यात, वळून बघताना आधी काय वळतं आणि मागनं काय वळतं त्यात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत, एकात पुरुषवेष आणि एकात स्त्रीवेष. नाटकाला गेलात तर इंटरव्हलला वडापावच्या लाइनीत उभं राहण्याऐवजी ती दोन्ही बघा, माणूस एकच, नाक एकच, पण अंगाचा तोल बदललाय आणि तोल बदलला की माणूस बदलतो. देऊसकरांना हे जमलं कारण त्यांनी पूर्ण माणूस रंगवला, फ्रेम कॉलरपाशी तोडली नाही.

आता मुद्दा कमिटीचा. पोर्ट्रेटची किंवा पुतळ्याची ऑर्डर आपल्याकडं माणूस देत नाही, कमिटी देते. कमिटीत आठ-दहा जण असतात, त्यातल्या प्रत्येकाला चित्रातलं काहीतरी कळतंच. काम बघायला येतात तेव्हा चेहऱ्याच्या वर-खाली कुणी बघत नाही. "सर, तेज जरा कमी वाटतंय." "मिशी आणखी थोडी वर घ्या की." "रंग उजळ करा ओ, साहेब एवढे काळे नव्हते." "पोट दिसायला नको." एका संस्थेच्या कामात मी संस्थापकांचे हात गुडघ्यावर ठेवलेले रंगवले होते, जाडजूड, शेतकऱ्याचे, नखं तुटलेली, कारण तो माणूस आयुष्यभर रानात राबला होता आणि ते हातच मला त्याचं खरं पोर्ट्रेट वाटत होते. कमिटी म्हणाली हात बरे दिसत नाहीत, तेवढे कट करून फ्रेम वर घ्या. घेतली. पैसे मिळाले. ते चित्र आजही लागलंय, आणि आता त्यात एक गोरटेला सद्गृहस्थ आहे.

पुतळा असेल तर कागदोपत्री तरी एक चाळण आहे, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. पण ती चाळण साधारण साम्य आणि प्रमाण बघणार, फार तर पेहराव बघणार, ते ठीकच आहे, तेवढंच सरकारी खात्याकडनं होऊ शकतं. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोटवरचा महाराजांचा पुतळा कोसळला, अनावरणाला वर्ष पण झालं नव्हतं, तेव्हा महिनाभर आपण सगळे इंजिनीअर झालो होतो, नटबोल्ट, गंज, वारा, वेल्डिंग. ते बरोबरच होतं, माणसाच्या जिवाशी खेळ झाला असता. पण जे पुतळे पडत नाहीत, मजबूत आहेत आणि चौकात पुढची शंभर वर्षं उभे राहणार आहेत, त्यांच्या अंगाबद्दल कोण बोलणार? घोड्यावर बसलेल्या माणसाची मांडी घोड्याला लागलेली नाही, लगाम धरलेल्या हातात ओढच नाही, तलवार उगारलेल्या दंडाचा आणि छातीचा काही संबंध नाही. अशा पुतळ्याला चेहरा कितीही रुबाबदार लावा, तो चिडलेला पण वाटत नाही आणि शांत पण वाटत नाही. नुसताच मोठा वाटतो.

कमिट्यांचं हे दुखणं फक्त आपलं नाही हे पण सांगतो, म्हणजे कुणाला उगाच राग यायला नको. पॅरिसमधल्या लेखकांच्या संस्थेनं शिल्पकार रोदँला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा करायला सांगितला १८९१ मध्ये. बाल्झाक जाऊन चाळीस वर्षं झालेली. रोदँनं काय केलं, तर त्याचा जुना शिंपी शोधून काढला आणि त्याच्या मापाचे कपडे शिवून घेतले, म्हणजे ते ढेरपोटं अंग जागेत किती जागा खातं हे कळावं. मग त्या अंगावर एक ढगळ झगा टाकला आणि मागं झुकलेलं एक धूड उभं केलं. १८९८ ला प्रदर्शनात ठेवल्यावर गदारोळ झाला आणि संस्थेनं पुतळा नाकारला. ब्राँझमध्ये तो पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला १९३९ ला, रोदँ जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. चर्चिलची कथा तर आणखी भारी. ऐंशीव्या वाढदिवसाला, १९५४ मध्ये, पार्लमेंटनं ग्रॅहम सदरलँडकडनं त्याचं पोर्ट्रेट करून भेट दिलं, त्यात चर्चिल थकलेला, जड, खुर्चीचे हात धरून बसलेला म्हातारा होता, जो तो होताच. चर्चिलला ते बिलकुल आवडलं नाही आणि पुढं त्याच्या बायकोनं ते नष्ट करून टाकलं. म्हणजे आपली कमिटी फ्रेम वर घेते, तिकडं चित्रच जाळतात. पण फरक एक आहे, तिथं निदान चित्रकारासमोर चर्चिल स्वतः बसला होता.

आता ह्यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लोक म्हणतात, अहो, ही चित्रं माणूस दाखवायला नसतातच, आदर दाखवायला असतात, आदर्श समोर ठेवायला असतात, पोरांनी बघून नमस्कार करावा म्हणून असतात, त्यात ढेरी आणि तुटकी नखं कशाला? बरोबर आहे. नमस्काराची गरज खरी आहे, मी पण करतो. पण आपण ज्याला सगळ्यात जास्त नमस्कार करतो तो पंढरपूरचा विठोबा बघा. नाकी-डोळी काही फार बारीक कोरलेला नाही. सगळा भाव आहे तो दोन्ही पाय जोडून विटेवर उभं राहण्यात आणि कमरेवर हात ठेवण्यात. थांबलेल्या माणसाचं उभं राहणं आहे ते. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरनं जाते तेव्हा रस्त्यानं चालणाऱ्या म्हाताऱ्या विसाव्याला थांबल्या की नकळत तश्शाच उभ्या राहतात, कमरेवर हात देऊन. म्हणजे आपल्या लोकांना अंगातला भाव पूजायला जमतो की. मग कारखान्याच्या चेअरमनच्या वेळीच काय होतं?

आणि आदर्श म्हणाल तर, वसंतदादांचं घ्या. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या जेलमधनं साथीदारांबरोबर तट उतरून पळाले, पोलिसांच्या गोळीबारात खांद्याला गोळी लागली. ती गोष्ट सांगलीतल्या प्रत्येक पोराला शाळेत ऐकवतात. मग दादांच्या चित्रांत तो खांदा कुठाय? जखम उघडी दाखवा असं कोण म्हणतंय, पण गोळी खाल्लेला खांदा आणि न खाल्लेला खांदा सारखा असतो का, चित्रकारानं त्याचा निदान विचार तरी केला का? टोपी, जाकीट आणि हसरा चेहरा, झालं. कर्मवीर अण्णांचं पण तेच, पांढरी दाढी रंगवली की अण्णा झाले असं आपण ठरवून टाकलंय. पण हा माणूस तरुणपणी तालमीत घुमलेला, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केलेला, १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढून पुढची चाळीस वर्षं खेडोपाडी हिंडलेला. ते अंग संतमहाराजांसारखं मऊ नसणार. दाढीमागं एक पैलवान होता आणि तो पैलवान दाखवला तर पोरांना अण्णा जास्त जवळचे वाटतील, कमी नाही.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत तर मला आधीच धास्ती वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. बँटमवेट म्हणजे सत्तावन्न किलो. त्यांना पॉकेट डायनामो म्हणायचे ते उगाच नाही, छोटं, चपळ, तारेसारखं अंग. आता कुठल्याही कमिटीला पैलवान म्हटलं की काय पाहिजे असतं, तर हिंदकेसरीची छाती आणि झाडाच्या बुंध्यासारख्या मांड्या. खाशाबांना तशी छाती लावली की त्यांचं कर्तृत्वच पुसलं जातं, कारण कर्तृत्व हेच होतं की एवढ्याशा अंगानं, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर जाऊन, त्यानं ते मेडल आणलं. इथं आदर आणि खरं अंग ह्यात भांडण नाहीच. खरं अंग हाच आदर आहे.

आता चित्रकारांच्या बाजूचं पण बोलतो, कारण सगळं खापर कमिटीवर फोडून आम्हाला मोकळं होता येणार नाही. अंग बघायला शिकतात कुठं, तर लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर जिवंत मॉडेल बसवून त्याचं अंग काढायच्या वर्गात. मुंबईत जेजे आर्ट स्कूलला ती परंपरा जुनी आहे. आपल्याकडच्या छोट्या गावांतल्या कॉलेजांत मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा फेटा बांधलेला एक म्हातारा, धोतर नेसून स्टुलावर बसवलेला. पोरं वर्षानुवर्षं फेटा आणि सुरकुत्या काढतात. मग त्यांना वाटायला लागतं की सुरकुती म्हणजेच भाव. इन्स्टाग्राम उघडा, पेन्सिलीनं केलेली शेकडो पोर्ट्रेटं, प्रत्येक सुरकुती मोजून काढलेली, गालावर ओघळणारा एक थेंब, थेंबात चमक, खाली कमेंट फायर फायर. मेहनत प्रचंड आहे, नाकारत नाही. पण तो म्हातारा कशावर बसलाय, त्याला किती वेळ बसवलंय, त्याची कंबर दुखतेय का, ह्याचा मागमूस नाही. गरीब म्हातारा, गजरेवाली बाई, धनगर आणि घोंगडी, हा एक ठरलेला माल झालाय आणि तो शहरातल्या ड्रॉइंगरूममध्ये खपतो. ज्याला कमिटी गोरा करते आणि ज्याला आम्ही काळा करून विकतो, दोघांचंही अंग गायबच आहे.

आणि बाईचं अंग तर विषयच काढायचा नाही. सार्वजनिक चित्रात बाई म्हणजे डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, नजर खाली नाहीतर आभाळाकडं. सावित्रीबाई ह्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, अंगावर शेण-चिखल झेलत शाळेला जायच्या आणि पुढं प्लेगच्या साथीत पेशंटची सेवा करताना स्वतः गेल्या, १८९७ ला. इतकं अंगावर झेललेली बाई आपल्या इतिहासात दुसरी शोधायला लागेल, आणि फ्लेक्सवर तिचं काय करतो आपण, तर फिल्टर मारून गोरी करतो, ओठ गुलाबी करतो. लाइफ क्लासला मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायकांची परिस्थिती तर सगळ्यांना माहिती आहे आणि कुणी बोलत नाही, मानधन तुटपुंजं, घरी सांगता येत नाही, आणि गावात कळलं तर संपलंच. ज्या समाजाला चार भिंतींच्या आत विद्यार्थ्यांसमोर बसलेलं माणसाचं अंग घाण वाटतं त्या समाजानं चौकातल्या पुतळ्यात जीव नाही म्हणून तक्रार करू नये. हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो.

ह्याच जिल्ह्यात एक राजा होऊन गेला ज्याला ही लाज नव्हती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढायचे, रामायणावर चित्रमालिका केली, आणि दुसरीकडं सूर्यनमस्काराचं एवढं वेड की संस्थानातल्या शाळांमध्ये पोरांपोरींना घालायला लावले. लोक ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, कलाप्रेमी राजा एकीकडं आणि व्यायामप्रेमी राजा एकीकडं. मला त्या एकच वाटतात. रोज सकाळी स्वतःच्या पाठीचा कणा वाकवून-ताणून बघणारा माणूस चित्रातली पाठ वेगळ्या नजरेनं बघणार. १९३८ मध्ये त्यांनी औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय सुरू केलं, तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि चक्क इंग्लंडच्या हेन्री मूर ह्या शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे, खटाव तालुक्यात! मूरच्या आई-मुलांमध्ये चेहऱ्याला फारसं काम नसतं, आईपण सगळं त्या गोलाईत, कवेत, झुकण्यात असतं. आपल्या किती शाळांच्या सहली तिथं जातात? महाबळेश्वर, कास पठार, प्रतापगड आणि परत. ड्रॉइंगच्या शिक्षकांना तरी वर्षातनं एकदा पोरं घेऊन औंधला जायची सोय करून द्यावी, एसटीचं भाडं ते काय.

फोटो वाईट आहे असं मी म्हणत नाही, फोटोवरनंच माझं निम्मं पोट भरतंय. पण फोटोची खोड माहीत पाहिजे. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागं गेलेले येतात, ते तसंच रंगवलं तर घरच्यांना काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको, आणि वारलेल्या माणसाचा तोच फोटो घेऊन लोक येतात. त्यात आता ते ॲप आलंय, मेलेल्या माणसाचा फोटो हसवून, पापण्या लववून दाखवणारं. वर्षश्राद्धाला स्क्रीनवर आजोबा हसतायत आणि खाली बायका रडतायत असं मी बघितलंय. त्यातलं हसू कुणाचंही असतं, हजार अनोळखी चेहऱ्यांचं घुसळून काढलेलं, आजोबांचं सोडून.

अशा ऑर्डरला मी एक करतो. फोटो बाजूला ठेवतो आणि घरच्यांना विचारतो, आबा कसे उभे राहायचे, जरा करून दाखवा की. पहिल्यांदा लाजतात. मग मोठा मुलगा उठतो, पाठीमागं हात बांधून उभा राहतो, आणि धाकटा म्हणतो, असं न्हवं, डावा खांदा खाली पाहिजे, आबांचा डावा खांदा बैलानं ढकलल्यापास्नं खाली असायचा. मग आई आतनं येऊन म्हणते, आणि मान अशी पुढं, कुणी बोलायला लागलं की मान पुढं यायची त्यांची, ऐकू कमी यायचं ना. आणि मग एखादा नातू, ज्यानं आबांना जेमतेम पाच-सहा वर्षं बघितलंय, तो पटकन उभा राहतो तसाच, कुणी न शिकवता, आणि घरातले सगळे गप्प होतात. मी त्या नातवाचं स्केच करतो. अंग नातवाचं, चेहरा फोटोतला. ह्याला कुणी चीटिंग म्हणू दे, पण 'दिसतंय का तसं' हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

रोदँनं शिंपी शोधला तेच हे. आणि मला संस्थांना, नगरपालिकांना, जिल्हा परिषदांना जे सांगायचंय ते पण एवढंच आहे. यशवंतराव गेले १९८४ ला, वसंतदादा १९८९ ला. त्यांना चालताना, जेवताना, चिडताना, थकून गाडीत मान टाकताना बघितलेले ड्रायव्हर, स्वयंपाकी, शिंपी, शिपाई, कार्यकर्ते कराडात, सांगलीत अजून आहेत, सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या जयंतीला आणखी एक फ्लेक्स लावण्याऐवजी ह्या लोकांना एका हॉलमध्ये बोलवा, दोन चांगले चित्रकार आणि एक व्हिडिओवाला बसवा, आणि विचारा, साहेब कसे उभे राहायचे, करून दाखवा. रेकॉर्ड करून ठेवा. खर्च एका कमानीएवढा पण येणार नाही. आणि जे हयात आहेत, ज्यांचं चित्र उद्या भिंतीवर लागणारच आहे हे गावाला माहितीये, त्यांना आत्ता, जिवंत असताना, चित्रकारासमोर बसवा, दोन-चार सिटिंग तरी, मोबाइल बंद करून. टेंडरमध्ये सिटिंगचे पैसे वेगळे धरा आणि सगळ्यात कमी रेटवाल्याला काम द्यायची अट पोर्ट्रेटपुरती तरी काढा. मातीचं मॉडेल बघायला कमिटीनं जरूर यावं, पण पहिली दहा मिनिटं मागच्या बाजूनं बघावं, पाठीकडनं, आणि त्यातनं माणूस ओळखू आला तरच पुढं यावं मिशीबद्दल बोलायला.